कर्जत न्यून, खालापूर विपुल

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, पावसानं झोडपलेलं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पावसाची वाट बघणारं. महाडही दोन. एक सावित्रीकाठचं, चवदार तळ्याचं. दुसरं खालापूर तालुक्यातलं, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं. नुसतं ‘मु. पो. कर्जत’ लिहून पेटीत टाकलेलं पत्र घाटावर चढणार की घाटाखाली राहणार, हे कधीकाळी टपालखात्याच्या मर्जीवर आणि पत्र लिहिणाऱ्याच्या पुण्याईवर असे. असले घोळ निस्तरायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. वृत्तात अक्षरं मोजून बसवायची सवय असलेल्या माणसानं अख्खा देश सहा आकड्यांत बसवला, यात नवल ते काय!

सहांपैकी पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस सांगतात. इथं कर्जतकरांची पहिली पंचाईत होते. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. त्याचा पिन ४०२२०१. कर्जतचा मात्र ४१०२०१. म्हणजे टपालाच्या पंगतीत कर्जत बसलंय ४१० वाल्यांत, लोणावळा (४१०४०१) आणि जुन्नर (४१०५०२) यांच्या मांडीला मांडी लावून. लोकलनं मुंबईचं, कचेरीनं अलिबागचं आणि टपालानं घाटावरचं, असं हे तीन घरचं पाहुणं गाव.

कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. गॅसच्या अर्जावर, बँकेत, कुरिअरवाल्याला फोनवर, हे आकडे लोक दिवसातून दोनदा तरी सांगतात. सांगतानाही ‘चार-दहा, दोन-शून्य-एक’ असे तुकडे पाडून. तो आकडा ‘चार लाख दहा हजार दोनशे एक’ अशी एक सलग, सणसणीत पूर्ण संख्या आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. पण संख्या म्हटली की तिला गुणदोष आले, जात-गोत आलं, आणि गणितवाल्यांनी अडीच हजार वर्षं खपून तयार केलेल्या वर्गवाऱ्याही आल्या. या वर्गवाऱ्या कर्जत-खालापूरला लावून पाहिल्या, तर तालुक्या-तालुक्यांत भांडणं लागतील असा ऐवज हाती येतो.

सुरुवात जुन्यापासून. इसवी सन १०० च्या सुमारास, आजच्या जॉर्डनमधल्या गेरासा गावी निकोमाकस नावाचा गृहस्थ होऊन गेला. त्यानं पूर्ण संख्यांचे तीन वर्ग सांगितले. संख्या घ्यायची, तिला ज्यांनी नि:शेष भाग जातो ते सगळे विभाजक काढायचे, ती स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येइतकीच भरली तर परिपूर्ण. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. २८ तशीच. बेरीज कमी भरली तर ती न्यून, जास्त भरली तर विपुल. निकोमाकस एवढ्यावर थांबला नाही. विपुल म्हणजे जादा अवयव फुटलेला प्राणी आणि न्यून म्हणजे अवयव कमी पडलेला, अशी त्यानं संख्यांची नालस्तीही करून ठेवली.

आता ४१०२०१. ही संख्या ११ गुणिले ८९ गुणिले ४१९. तिन्ही मूळ संख्या. विभाजक निघतात १, ११, ८९, ४१९, ९७९, ४६०९ आणि ३७२९१. बेरीज ४३,३९९. चार लाखांच्या गावाला त्रेचाळीस हजार! कर्जत न्यून. नुसतं न्यून नाही, चांगलं साडेतीन लाखांहून जास्त तुटीत.

खालापूरचा ४१०२०२ बघावा तर २ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले १३ गुणिले १७५३. विभाजकांची बेरीज ५,४७,४८२, म्हणजे संख्येपेक्षा १,३७,२८० नं जास्त. खालापूर विपुल. शेजारी-शेजारी दोन तालुके, पिनकोडात फरक एका आकड्याचा, आणि एक कर्जबाजारी तर दुसरा सधन.

कर्जतकरांना याहून झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. घाटावरच्या कर्जतचा पिन ४१४४०२. सम संख्या, आणि अंकांची बेरीज १५, म्हणून ३ नं भाग जातो. २ नं आणि ३ नं जाणारी म्हणजे ६ च्या पटीतली. आणि ६ पेक्षा मोठी अशी कुठलीही संख्या विपुलच असते. का, तर तिचा अर्धा हिस्सा, तिसरा हिस्सा आणि सहावा हिस्सा एवढ्यांतच बेरीज पुरी होते आणि विभाजक १ वर शिल्लक उरतो. तात्पर्य, ज्या कर्जतला टँकरची वाट बघावी लागते ते विपुल, आणि ज्या कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, जिथल्या ‘कर्जत ३’ आणि ‘कर्जत १८४’ या वाणांची भातं कोकणात लावली जातात, ते न्यून. १८४ हाही न्यूनच निघतो, पण थोडक्यात हुकलेला: विभाजकांची बेरीज १७६, फक्त आठानं कमी. भातानं तेवढी लाज राखली.

खोपोलीची तऱ्हा तिसरीच.

४१०२०३ ला कशानं भाग जातो हे बघायचं, तर ६४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्यापुढं जायची गरज नाही, कारण ६४१ चा वर्गच ४,१०,८८१ होतो. ६४० पर्यंत मूळ संख्या आहेत ११५. पुण्याकडं जाणाऱ्या बहुतेक गाड्या घाट चढण्यापूर्वी कर्जतला थांबतात, मागून बँकर इंजिनं जोडली जातात. तेवढ्या वेळात लोक फलाटावर उतरून बटाटावडा खातात. एखाद्यानं वड्याच्या कागदावर हे भागाकार मांडायला घेतले, तर तेलाचे डाग चुकवत पहिले पाच-सात होतील. ७ नं भागलं, ३ उरले. ११ नं भागलं, २ उरले. उरणारच, कारण दोन घरं मागं कर्जत ११ नं जातं. १३ नं भागलं, १ उरला, कारण खालापूर १३ नं जातं. १७, १९, २३… गाडी सुटते. पुढं कुठंतरी २९३ नं भाग लावला की ३ उरतात, ३१७ नं ५ उरतात. दोन्ही वेळा आता धरलीच म्हणावं तोच निसटते. शेवटी ६३१ येतो, ५३ उरतात आणि खेळ खलास. एकाही संख्येनं भाग जात नाही. खोपोली मूळ संख्या आहे.

खोपोलीच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक असल्यासारखं वाटेल. तालुका खालापूरच्या नावाचा, कचेरी खालापुरात; पण रेल्वे स्टेशन, नगरपरिषद, कारखाने आणि टाटांचं जुनं वीजघर खोपोलीत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असा तिचा रुबाब. पण मूळ संख्येला स्वतःशिवाय विभाजक एकच, तो म्हणजे १. म्हणजे निकोमाकसच्या हिशेबात खोपोली सगळ्यांत जास्त न्यून. तिची तूट किती? ४१०२०३ वजा १, म्हणजे ४१०२०२. खोपोलीला पूर्णत्वाला कमी पडतं ते बरोब्बर एक खालापूर. तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या खोपोलीकराला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

(मूळ संख्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं, की ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस आकड्यांची आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिला पिनकोड म्हणून वापरायचं ठरलं, तर पाकिटावर तिकीट लावायला जागा राहणार नाही.)

संख्यांना असं नावागावानं ओळखणारा माणूस दूर गेरासात शोधायची गरज नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात आणि पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. हातात खडू, डोक्यात आकडे, खिशात फारसं काही नाही. छोट्या पुस्तिका काढून ते आपले शोध छापत. इथल्या विद्वानांना त्यात पोरखेळ दिसला. पुढं मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाचं लक्ष गेलं.

कापरेकरांचा एक स्वभाव कर्जतकरांच्या दृष्टीनं महत्त्वाचा. ते संख्यांना गावांची नावं देत. १, १२१, १२३२१ या मंडळींना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, कारण ती कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, सुचली. दुसऱ्या एका जातीच्या संख्या ‘देवळाली संख्या’ म्हणूनही ओळखल्या जातात. आता रेल्वेचा नकाशा बघावा. डोंबिवलीपुढं कल्याण. कल्याणला फाटा फुटतो. एक कसाऱ्यावरून देवळालीकडं, दुसरा बदलापूर-नेरळवरून कर्जतकडं. मास्तर नोकरीला डावीकडच्या फाट्यानं गेले. उजवीकडच्या फाट्यानं आले असते, तर आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ‘कर्जत संख्या’ छापून आली असती.

असो. कापरेकरांच्या वर्गवारीत आपली गावं कुठं बसतात? अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. कर्जतच्या अंकांची बेरीज ८; विषम संख्येला ८ नं भाग कुठला जायला? खोपोलीची १०, शेवटी शून्य नाही, संपलं. खालापूरची ९, आणि ४१०२०२ भागिले ९ बरोबर ४५५७८. नि:शेष. पंचक्रोशीत हर्षद एकटं खालापूर. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या पुणेकरांना आणि मुंबईकरांना खालापूर म्हटलं की टोलनाका आठवतो, तेव्हा हा हर्ष कुणाला होतो याबद्दल गणित मौन पाळतं.

‘देवळाली संख्या’ म्हणजे स्वयंभू संख्या. २१ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की २४. म्हणून २४ चा जनक २१. बहुतेक संख्यांना असा जनक सापडतो. कर्जतचा जनक ४१०१७९ (त्यात २२ मिळवा), खालापूरचा ४१०१८४ (त्यात १८ मिळवा). पण २०, ३१, ४२ अशा काही संख्यांना जनकच नसतो, त्या स्वयंभू. खोपोलीला कितीही शोधलं तरी जनक मिळत नाही. मूळही आणि वर स्वयंभूही! या भागात दुसरा स्वयंभू पिन निघतो तो माथेरानचा, ४१०१०२. जिथं बाहेरची मोटार दस्तुरी नाक्याच्या पुढं जाऊ दिली जात नाही, त्या गावाला शोभेलसंच.

मग कापरेकरांचा तो प्रसिद्ध ६१७४. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे असू नयेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करायची, आणि उत्तरावर तेच पुन्हा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ हजर. पिनकोडाचं साल १९७२ घ्या: ९७२१ वजा १२७९ बरोबर ८४४२; पुढं ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्याला ६१७४. सरकारी सालच ते, कमाल मुदत वापरल्याशिवाय पोचतं कसलं!

सहा अंकी संख्यांना मात्र असं एकच मुक्कामाचं ठिकाण नाही. कर्जत निघतं: ४२११०० वजा ११२४ बरोबर ४१९९७६. त्यावरून ८५०८४२. त्यावरून ८६०८३२. मग ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ आणि पुन्हा ८६०८३२! सात संख्यांचं चक्र. कर्जत-खोपोली लोकलसारखं, जाऊन-येऊन तेच. खालापूर पहिल्याच वजाबाकीत ४२०८७६ होऊन या चक्रात चढतं. खोपोली मात्र अकरा वजाबाक्या बाहेरच घुटमळते, ४३०८६६, ८३१७६२ असे वळसे घेते, आणि बाराव्याला ८५१७४२ वर निमूटपणे येऊन मिळते. स्वयंभूपणाही तिथवरच.

यात आनंदी कोण? त्याचीही रीतसर व्याख्या आहे. अंकांचे वर्ग करायचे, बेरीज घ्यायची, पुन्हा तेच. शेवटी १ आला तर संख्या आनंदी. नेरळचा पिन ४१०१०१: वर्गांची बेरीज १९, मग ८२, मग ६८, मग १००, मग १. नेरळ आनंदी. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची झुकझुकगाडी जिथून सुटते ते गाव आनंदी निघावं, हे ठीकच. कर्जत २२, ८, ६४, ५२, २९, ८५ करत ८९ वर येतं आणि अडकतं, कारण ८९ पासून १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८ आणि परत ८९, असं न सुटणारं रिंगण आहे. त्यातला ८९ कर्जतचा स्वतःचाच अवयव. आणि ३७ म्हणाल, तर बोरघाटाचा चढ सदतीसाला एक, ज्यापायी बहुतेक गाड्यांना कर्जतला खोळंबावं लागतं. घरचा आणि दारचा, दोघं मिळून सुखाच्या आड येतात.

इतकं झाल्यावर कर्जतकरांचं काहीतरी समाधान करायला हवं. ते असं. ४१०२०१ च्या अंकांची बेरीज ८, आणि तिचे एकूण विभाजकही, ती स्वतः धरून, आठच. हा योग रोजचा नाही. २२, ३६, ८४ या संख्यांना तो लाभलाय. खालापूरला नाही, कारण तिथं बेरीज ९ आणि विभाजक २४. तेव्हा या जातीला ‘कर्जत संख्या’ म्हणायला हरकत कुणाची? नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या संख्याक्रमांच्या विश्वकोशात ही यादी आधीच आहे; पण तिला गाव नाही. अर्ज करून बघावा. सोबत पत्त्याचा पुरावा जोडावा.

दरम्यान टपालखातं पुढं सरकलंय. मे २०२५ मध्ये त्यानं डिजिपिन आणला. देशाचे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत द्यायचा. चिन्हं एकूण सोळा, २ ते ९ हे आकडे आणि आठ इंग्रजी अक्षरं. अक्षरं आली म्हणून सुटलो, असं कुणी समजू नये. सोळा चिन्हांत संख्या लिहायची रीत संगणकवाल्यांकडं केव्हाची आहे. अशा संकेतांची संख्या होते सुमारे एक लाख दहा हजार कोटी, आणि संख्यांच्या दुनियेत विपुल असतात शंभरात पंचविसाहून किंचित कमी. म्हणजे कर्जत-नेरळ पट्ट्यात सेकंड होम विकणाऱ्यांना नवं भांडवल मिळालं: स्टेशनपासून दहा मिनिटं, डोंगराचा व्ह्यू, वास्तुशास्त्राप्रमाणे, आणि चौकोन विपुल. फक्त चौकोन चार मीटरचा आणि फ्लॅट त्याहून मोठा, त्यामुळे एकाच घरात दोन-चार संकेत येणार. हॉल विपुल आणि बेडरूम न्यून निघाली, तर बिल्डर स्क्वेअर फुटामागं किती वजा करणार, तेवढं ॲग्रीमेंटमध्ये आधी लिहून घ्यावं.